जेवणाआधी उठून जाणारे सभासद

आंबा आणि काजू यांवर प्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योजकांच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका संघटनेच्या चिटणिसांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा वार्षिक मेळावा हंगाम सुरू होण्यापूर्वी, हिवाळ्यात, समुद्रकाठच्या एखाद्या रिसॉर्टवर दीड दिवस चालतो. दिवसा चर्चासत्रे होतात आणि रात्री साडेसातनंतर मद्यासह स्नेहभोजन असते. अलीकडे महिला उद्योजक, काही तरुण सभासद आणि बरीच ज्येष्ठ मंडळी जेवणाआधीच उठून जाऊ लागली आहेत. कारण विचारले तेव्हा एका सभासदाने सांगितले, "आम्ही घेत नाही, मग तिथे बसून करायचे काय?" मद्य पूर्ण बंद करावे, असे कार्यकारिणीतील काहींचे मत आहे, तर तसे केल्यास मुंबई-पुण्याचे मोठे खरेदीदार येणारच नाहीत, अशी इतरांना धास्ती वाटते. यातून मार्ग कसा काढावा, असे त्यांनी विचारले आहे.

विक्रेत्यांचे मेळावे, डॉक्टरांच्या परिषदा आणि कंपन्यांच्या सहली यांची कोकणातील व्यवस्था पाहणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ही तक्रार माझ्या चांगल्या परिचयाची आहे. आपल्या सभासदाचे वाक्य मात्र पुन्हा एकदा नीट वाचावे, अशी विनंती आहे. तिथे दारू असते, अशी त्याची तक्रार नाही. तिथे आपल्याला काम नाही, अशी आहे. ओळखीपाळखी, दरांची बोलणी, कोणाचा माल कुठे अडकला आहे आणि यंदा कॅनिंगवाले कोणत्या भावाने फळ उचलणार आहेत याची कुजबुज, हा तुमच्या मेळाव्याचा खरा ऐवज आहे. हा ऐवज रात्री दहानंतर पेल्यांभोवती वाटला जात असेल, तर न घेणाऱ्याच्या हातात कितीही उत्तम सरबत दिले तरी तो बाहेरचाच राहतो आणि व्यवसायातही मागे पडतो. म्हणून सुरुवात वेळापत्रकापासून करावी लागेल. सरबताचा विचार त्यानंतर.

त्याआधी एका समजुतीचा निकाल लावू. न घेणारे म्हणजे मूठभर अपवाद, त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळी सोय केली की झाले, असे आयोजक गृहीत धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का व्यक्तींनी आपण मद्य घेतो असे सांगितले. अशा पाहणीत लोक थोडे हातचे राखून सांगतात हे मान्य केले आणि व्यावसायिकांच्या वर्तुळात प्रमाण अधिक असेल असे धरले, तरी आपल्या मांडवात न घेणारे बहुसंख्य असण्याचीच शक्यता अधिक आहे. त्यांची कारणेही एकसारखी नसतात. कोणी माळकरी असतो, कोणी मुस्लिम असतो, कोणाच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात, कोणाला मेट्रोनिडॅझोलसारखे औषध चालू असते, कोणी मधुमेही असतो, कोणी गरोदर असते, कोणाला रात्रीच परशुराम घाट उतरून घरी पोहोचायचे असते, कोणी मोठ्या कष्टाने व्यसनातून बाहेर पडलेला असतो, आणि कोणाला ती चवच आवडत नाही. शिवाय महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. तेव्हा वडिलांच्या कारखान्यात नुकताच लक्ष घालू लागलेला तेवीस वर्षांचा मुलगा कायद्यानेच व्हिस्कीच्या टेबलाबाहेर असतो. यांपैकी कोणाचे कारण कोणते, हे विचारण्याचा यजमानाला काहीही अधिकार नाही आणि व्यवस्था अशी असावी की ते विचारण्याची वेळच येऊ नये.

आता बंदीविषयी. संघटनेने मद्य न देण्याचा ठराव केला तर त्यात गैर काही नाही. अनेक संस्थांचे मेळावे तसेच होतात आणि उत्तम होतात. परंतु जिथे वर्षानुवर्षे मद्य दिले गेले आहे तिथे एकाएकी बंदी घातली की ते गाडीच्या डिकीतून खोल्यांत जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मांडवातला बार निदान सर्वांसमोर असतो, तिथे कोणीही जाऊन उभे राहू शकते; खोली क्रमांक अमुकमध्ये बसलेल्या सहा जणांत मात्र बोलावल्याशिवाय कोणी जात नाही आणि एखादी महिला उद्योजक तर नाहीच नाही. ज्या बातम्यांपासून सभासद वंचित राहतात त्या बातम्या मग आणखी बंद दाराआड जातात. म्हणून माझा सल्ला असा की मद्य राहू द्यावे, पण त्याची वेळ आखूड करावी आणि त्याच्याकडे असलेले मध्यवर्ती स्थान काढून घ्यावे.

हे स्थान वेळापत्रकानेच काढून घेता येते. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सहा-सव्वासहाला सूर्यास्त होतो. चर्चासत्रे साडेचारला संपवून पाच ते साडेसात हा काळ मोकळ्या भेटीगाठींसाठी ठेवावा आणि तोच मेळाव्याचा मुख्य भाग आहे, हे निमंत्रणातच सांगावे. चहा, गवती चहा, शहाळी, भाजके काजू, उकडलेल्या शेंगा एवढे पुरते. या वेळात बार उघडू नये. साडेसातला सत्कार आणि दोन शब्द, पावणेआठला बार आणि सरबते एकदमच सुरू, आणि साडेआठला जेवण वाढायला घ्यायचे म्हणजे घ्यायचे. आपल्याकडे जेवण लांबते याचे कारण स्वयंपाकघर कधीच नसते. अध्यक्षांचा पेला संपलेला नसतो म्हणून झाकणे उघडली जात नाहीत. त्यामुळे ज्यांना गुहागरहून चिपळूणपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर परत जायचे आहे ते उपाशीच उठतात. जेवणाची वेळ पाळली, तर तुमच्या तक्रारीचा निम्मा भाग पहिल्याच वर्षी निकालात निघेल.

पाच ते साडेसात या वेळात नुसते उभे राहून बोला म्हटले तर संकोची माणूस भिंतीला टेकतो. मद्य हातात असले की माणसाला उभे राहण्याचे निमित्त मिळते, हे त्याचे खरे सामाजिक काम आहे, आणि ते काम करणारे दुसरे निमित्त आपण पुरवले पाहिजे. तुमच्या व्यवसायात तर त्याची ददातच नाही. एका लांब टेबलावर सभासदांनी आणलेला हापूसचा पल्प क्रमांक टाकलेल्या वाट्यांत मांडावा आणि कोणता कोणत्या तालुक्यातला, कोणता कॅनमधला आणि कोणता गोठवलेला हे चवीवरून ओळखायला लावावे. शेजारी रिफ्रॅक्टोमीटर हे गोडी मोजण्याचे उपकरण ठेवून ज्याला हवे त्याने ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, मोजून आपला अंदाज पडताळावा. दुसऱ्या टेबलावर काजूगर ठेवावा. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अखंड गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, हे सर्वांना तोंडपाठ असते. पण ताटलीतला माल नुसता डोळ्यांनी पाहून प्रत बिनचूक सांगणारे थोडे असतात. अशा एका टेबलाभोवती वेंगुर्ल्याच्या एक काजू कारखानदार बाई आणि पुण्याचा एक खरेदी अधिकारी पाऊण तास वाद घालताना मी पाहिले आहेत. बाईंनी मूठभर गर तळहातावर पसरला, दोन वेगळे काढले, "हे तुम्ही २४०च्या भावाने घेतलेत तर तुमच्या मालकाला तोंड कसे दाखवाल?" असे विचारले, आणि त्या अधिकाऱ्याने तिथेच खिशातून वही काढून त्यांचा पत्ता लिहून घेतला. दोघांच्या हातात चहाचे कप होते आणि चहा केव्हाच गार झाला होता.

करमणुकीच्या कार्यक्रमांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. नमन, जाखडी किंवा सिंधुदुर्गात दशावतार ठेवण्याचा मोह मला समजतो आणि ती कला सादर करणाऱ्यांना काम मिळावे असेही वाटते, पण मग तो कार्यक्रम मांडी घालून बसून पाहावा आणि त्याला स्वतंत्र वेळ द्यावी. भेटीगाठींच्या वेळेत मागे लावण्याचा तो प्रकार नव्हे. डीजेविषयी तर एकच सांगतो. मोठ्या आवाजामुळे बोलणे अशक्य झाले की पिणे आणि नाचणे एवढेच उरते आणि जे दोन्ही करत नाहीत ते निघून जातात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला नियमाने मनाई आहेच. आपण तो आधीही मंद ठेवावा.

आता पेल्याकडे वळू. रिसॉर्टवाल्यावर सोपवले तर काय होते हे तुम्ही पाहिले असेल. बारवर दिवे, काचेचे पेले, बर्फाची बादली, लिंबाच्या चकत्या, गणवेशातला माणूस. आणि जेवणाच्या टेबलाच्या टोकाला स्टीलच्या जगमध्ये कोमट झालेले कोकम सरबत, शेजारी उपडे घातलेले प्लास्टिकचे ग्लास. मांडणी पाहूनच पाहुण्याला आपली पायरी कळते. तेव्हा करारातच लिहून घ्यावे की मद्य आणि मद्यविरहित पेये एकाच काउंटरवर, एकाच प्रकारच्या काचेच्या पेल्यांतून, तितक्याच तत्परतेने दिली जातील. हातात काय आहे हे लांबून ओळखू येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. बर्फ आणि चिमटे मात्र वेगळे ठेवावेत, कारण मद्याचा चिमटा सरबतात बुडालेला अनेकांना चालत नाही.

दुसरा दोष गोडाचा आहे. न घेणाऱ्यांसाठी ठेवलेले सगळे पेय साखरेचे असते. अमृत कोकम, आवळा, करवंद, जांभूळ, पन्हे ही आपली सरबते चवीला उत्तम, पण ती पाकात केलेली असतात आणि तीन तास उभा असलेला माणूस, त्यात तो मधुमेही असेल तर, असे किती पेले घेणार? म्हणून किमान दोन पेये बिनसाखरेची असावीत. साखर न घातलेले कोकमचे आगळ, म्हणजे खारवलेला घट्ट रस, पाण्यात किंवा साध्या सोड्यात घालून, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव टाकले की रंगाने देखणे आणि चवीला तिखट-आंबट असे पेय होते, आणि ते सावकाश घोट घोट घेता येते. आगळात मुळात मीठ असते, तेव्हा वरून घालताना आचाऱ्याला बजावावे. आले आणि मिरची वाटून लावलेले पातळ ताक, खारा लिंबू-सोडा, हेही चांगले. सोलकढी जेवणासोबत ठेवावी. नारळाच्या दुधामुळे ती उष्म्यात फार वेळ टिकत नाही आणि लसणीचा वास घेऊन कोणी खरेदीदाराशी बोलायला उत्सुक नसतो. हौसेने नीरा ठेवण्याची सूचना दरवर्षी कोणीतरी करते. नीरा पहाटेची आणि थंड ठेवलेलीच चांगली. ऊन चढले की ती आंबू लागते आणि संध्याकाळपर्यंत तिची माडी, म्हणजे मद्यच, झालेली असते, तेव्हा तो बेत सकाळच्या न्याहारीपुरताच असावा.

बाजारात मिळणाऱ्या 'शून्य टक्के' बिअरविषयी सावध असावे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेयच मद्य ठरते, त्यामुळे 'मद्यविरहित' म्हणवणाऱ्या पेयात अल्प अंश असू शकतो. धर्माने वा व्रताने वर्ज्य असलेल्यांना ते चालणार नाही, आणि व्यसनातून बाहेर आलेल्याला तोच वास आणि तीच चव जाचक ठरू शकते. ठेवायची तर बाटली दिसेल अशी ठेवावी. पेल्यात ओतून सरबतांच्या रांगेत मांडू नये. रमचा केक आणि वाइनचा सॉस यांच्यापुढे पाटी असावी.

वाढपी हा या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित माणूस. पुरुष दिसला की "साहेब, व्हिस्की की रम?" आणि बाई दिसली की न विचारता संत्र्याचा रस, ही त्याची सवय असते. कार्यक्रमाआधी दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे. सर्वांना एकच प्रश्न विचारायचा, "आपण काय घेणार?", आणि पेयांची नावे सांगताना सरबतापासून सुरुवात करायची. नको म्हटल्यावर पुन्हा विचारायचे नाही.

खरा आग्रह मात्र वाढपी करत नाही, आपलेच स्नेही करतात. कोकणी आतिथ्यात आग्रहाला मान आहे. पानात आणखी एक घावन पडले तर पाहुणा फार तर हसून हात आडवा धरतो. तोच आग्रह मद्याला लागू केला की "अरे, एका घोटाने काय होतंय?", "वहिनींना सांगत नाही आम्ही", "औषध चालू आहे का?" असे सुरू होते आणि बिचाऱ्याला चारचौघांत आपली प्रकृती, धर्म किंवा भूतकाळ उघडा करावा लागतो. पाटी लावून हे थांबत नाही. ते थांबते अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि दोन-तीन वजनदार सभासद यांच्या वागण्याने. त्यांनी पहिला तासभर सरबत घेऊन सर्वांत मिसळावे, मग हवे ते घ्यावे. आणि कोणी कोणाच्या मागे लागलेला दिसला तर "असू दे रे, आधी इकडे ये, तुझ्याशी काम आहे" असे म्हणून त्याला बाजूला न्यावे. समज देण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक ठरते आणि कोणाचा अपमानही होत नाही. पेले उंचावून शुभेच्छा देण्याची प्रथा काही ठिकाणी शिरली आहे. ती आपल्याला हवीच कशाला? शाल-श्रीफळ पुरेसे आहे.

वर्गणीचा मुद्दा सभासद उघड बोलत नाहीत, पण मनात ठेवतात. सरसकट वर्गणीत मद्य धरले की न घेणारा इतरांच्या पेल्याचे पैसे भरतो. मद्यावर जीएसटी नसून व्हॅट लागत असल्याने हॉटेल त्याचा हिशेब वेगळा दाखवतेच. तेव्हा मूळ वर्गणीत निवास, जेवण आणि मद्यविरहित पेये धरावीत आणि मद्याची कुपने ज्याची त्याने विकत घ्यावीत. यामुळे पिण्याचे प्रमाणही आपोआप आटोक्यात येते, असा माझा अनुभव आहे. ज्या रिसॉर्टकडे परवाना नाही तिथे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. तो खर्चही कुपनांतूनच भागवावा.

मुक्कामाच्या खोल्यांचे वाटप हा आणखी एक नाजूक विषय. नोंदणी अर्जात "खोलीत मद्यपान चालेल / चालणार नाही" असा एक रकाना ठेवावा. कारण विचारू नये. माळ घातलेल्या साठीच्या गृहस्थांना रात्री दोन वाजेपर्यंत मैफल चालणाऱ्या खोलीत टाकले की ते पुढल्या वर्षी येत नाहीत आणि का येत नाहीत तेही सांगत नाहीत.

वाहनांचेही तसेच. "तू घेत नाहीस ना, मग गाडी तूच चालव" हे वाक्य वरवर विश्वासाचे वाटते. प्रत्यक्षात त्या एकाला सर्वांचे संपेपर्यंत ताटकळावे लागते आणि मग मध्यरात्री घाटातून चार जणांना घरोघर पोहोचवावे लागते. संघटनेने साडेनऊ आणि अकरा अशा दोन ठरलेल्या वेळांना भाड्याची गाडी ठेवावी आणि चालकांना पाहुण्यांबरोबरच, गरम असताना, जेवण द्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, हे कुपनांच्या मागे छापले तरी वावगे ठरणार नाही. ज्या सभासदांचे कर्मचारी मेळाव्याला येतात त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन यांचाही समावेश होतो. रात्रीची पार्टी म्हणजे कामाबाहेरचा वेळ, असा बचाव तिथे टिकत नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ बहुतेक मेळाव्यांत वाया जाते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. साडेसातला मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला जाणारी एक गाडी ठेवा. नऊ वाजता घावन-चटणीची न्याहारी करताना मागणी नोंदवण्याची टेबले मांडा, खरेदीदार प्रत्येक टेबलावर पंधरा मिनिटे बसतील असे क्रम लावा. व्यवहाराचे बोलणे रात्री निघालेच तर "सकाळी टेबलावर लिहून घेऊ" असे म्हणण्याची सवय कार्यकारिणीने स्वतःला लावावी. मालवण-तारकर्लीला मेळावा असेल आणि सकाळी स्कूबा ठरवले असेल तर आदल्या रात्रीचा बार आखूड ठेवण्याला आणखी एक कारण मिळते, कारण रात्री घेतलेल्या माणसाला पाण्याखाली नेणे धोक्याचे असते आणि जबाबदार चालक त्याला बोटीवर घेत नाहीत.

खरेदीदार येणार नाहीत, ही भीती मला अनाठायी वाटते. रात्रीच्या मैफलीसाठी मुंबईहून रत्नागिरीपर्यंत कोणी येत नाही. ते माल आणि माणसे पारखायला येतात. त्यांना पल्प चाखायला मिळाला, कारखानदार भेटले आणि सकाळी अकरापर्यंत मागणीचे कागद हातात पडले, तर बार पाव तास उशिरा उघडला याची ते दखलही घेणार नाहीत. त्यांच्यातही न घेणारे असतात आणि आपल्या यजमानाला वाईट वाटू नये म्हणून तेच पेला नुसता हातात धरून उभे असतात, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे.

शेवटी निमंत्रणपत्रिकेतील मजकुराविषयी, कारण सभासद यायचे की नाही हे ती वाचूनच ठरवतात. 'कॉकटेल्स आणि डिनर, सायंकाळी ७.३० पासून' ही ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी असे लिहावे : 'सायंकाळी ५ ते ७.३० पल्प व काजूगर चाखणी आणि भेटीगाठी, ७.३० सत्कार; ७.४५ पेये (कोकम, ताक, शहाळे, मद्य कुपनावर), ८.३० भोजन; परतीची गाडी ९.३० आणि ११ वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता न्याहारी आणि मागणी नोंदणी.' ही पत्रिका महिनाभर आधी जावी आणि जे सभासद मागील वेळी जेवणाआधी निघून गेले त्यांना चिटणिसांनी स्वतः फोन करून चाखणीच्या टेबलासाठी माल मागावा.